भिंतीत वाजलेला फोन

आम्ही आजी-आजोबा झालो, ही बातमी सगळ्यात आधी एका भिंतीला कळली.

आमचे हे गवंडी. काम करताना खिशातला फोन टोचतो म्हणून त्यांनी तो अर्धवट भिंतीतल्या एका फटीत ठेवला आणि बोलण्याच्या नादात त्यावर वीट बसवून मोकळे झाले. वर गिलावाही केला. दुपारी भिंत वाजायला लागली. परगावी असलेली आमची लेक फोन करत होती आणि हे भिंतीला तोंड लावून "थांब गं, थांब!" म्हणून ओरडत होते. मालक काही भिंत फोडू देईना. शेवटी जावयाने शेजारणीच्या फोनवर कळवलं, मुलगी झाली!

तिसऱ्या दिवशी आम्ही नवा फोन घ्यायला दुकानात गेलो. लेकीचा निरोप होता, पाच वाजता व्हिडिओवर बाळ दाखवते. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आणि यांनी मागितला काय, तर बटणांचा फोन!

"रिचार्ज स्वस्त पडतं त्याचं."

"आणि नात? ती काय बटणांत दिसणार?"

"तू बघ शेजारणीकडे. मला सांग कशी आहे ते."

असा संताप आला मला! चारचौघांत त्यांना चिक्कू म्हणाले. दुकानदार शहाणा निघाला. आमच्याच नंबरचं नवं सिम त्याने स्मार्टफोनमध्ये घातलं आणि फोन यांच्या हातात दिला. "काका, नुसतं बोट लावून तर बघा."

यांनी बोट लावलं. फोन ढिम्म. अंगठा लावला, शर्टाला पुसून पुन्हा लावला. तीस वर्षं सिमेंट हाताळून बोटांची पार रया गेलेली.

"मुकादमाच्या फोनवर बघितलंय मी," हे हळूच म्हणाले. "काचेला माझं बोट कळतच नाही."

चिक्कू म्हणाले होते ना मी? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात फोन वाजला. लेक! पाचला अजून दहा मिनिटं होती, पण तिला तरी कुठला दम! मी हात पुढे केला, पण हे फोन सोडतील तर शप्पथ. एक बोट, दुसरं बोट, करंगळी, मनगट. रिंग संपत आली तशी यांनी मान खाली घातली आणि भर दुकानात काचेवर नाक घासलं.

"अगं बाई, बाबा!" लेक किंचाळली. "नुसतं नाकच दिसतंय! मागे व्हा!"

हे मागे झाले. समोर लालबुंद, मूठभर, बसक्या नाकाची आमची नात जांभई देत होती.

"हे तर माझं नाक," हे म्हणाले, आणि हसता हसता रडायलाच लागले. दुकानदाराने न विचारता बटणांचा फोन कपाटात ठेवून दिला.

आता रोज पाच वाजले की आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसतो. रिंग वाजली की दोघं एकदमच वाकतो आणि आमची डोकी आपटतात. माझी बोटं चांगली धडधाकट आहेत, पण मीही नाकच लावते.