पुसलेल्या ओव्या

इंदुबाईंना सुनेचं काम कधी पटलंच नाही. मंडईत लिंबं-कोथिंबीर विकून त्यांनी मुलाला, सुदर्शनला, इंजिनियर केलं, आणि सून कोण मिळाली? कंपनीत बसून लिहिणारी! कॉम्प्युटरमधलं पुसलं गेलेलं परत कसं काढायचं, ते लोकांना समजेल असं लिहायचं, हे तनयाचं काम. "यंत्र बनवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, नुसतं वर्णन करायचं," इंदुबाई गाळ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. "चुलीपाशी न जाता पंगतीला वाढायला पुढं!"

गणपतीत सुदर्शननं आरास टिपायला कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. चार फोटो काढले आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच्या लग्नाची हळद, व्हिडिओसकट, त्याच कार्डावर होती. कॉम्प्युटरवर घेऊ, घेऊ म्हणत राहूनच गेली होती. त्यात आनंदीमावशीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या. मावशी म्हणजे इंदुबाईंची थोरली बहीण, लोणी काळभोरची. उन्हाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तो गळा उरला होता फक्त पोस्टाच्या तिकिटाएवढ्या त्या कार्डात.

"गेलं, आई."

"गेलं म्हणजे? काय पाय फुटले त्याला? शोध की!"

तनयानं त्याच्या हातातून कॅमेरा घेतला, कार्ड बाहेर काढलं. "आता यावर एकही फोटो नको."

"राहिलंय काय त्यात जपायला?"

"आहे, आई. कॅमेऱ्यानं फक्त नाव पुसलंय. गाळ्याची पाटी काढली म्हणून आतला माल जातो का? नवा माणूस येऊन आपला माल भरेल, तेव्हा जुना जाईल. यांनी चार फोटो काढून थोडा भरलाय. किती, ते ठाऊक नाही."

जन्म मंडईत गेलेल्या इंदुबाईंना हे तत्क्षणी कळलं आणि अंगावर काटा आला. पुसलेलंसुद्धा असतं!

"मग सगळं परत येतं, असंच लिहितेस ना?"

"नाही. 'येऊ शकेल' असं लिहिते."

"शकेल कशाला? ठणकावून लिहावं."

"ज्याचं हरवलंय, तो त्या एका शब्दावर जीव धरून असतो, आई. त्याला खोटं कसं लिहू?"

इंदुबाईंनी कार्ड ठेवायला आपली कुंकवाची रिकामी डबी आणून दिली. घरात हे नवलच होतं.

गौरीजेवणाला मावशी आली, तेव्हा तनयानं कॉम्प्युटर लावला. सापडलेल्या फायलींना नावं नव्हती, एकेक उघडून बघायचं. अर्धवट फोटो, नुसता करडा रंग, आणि मग जात्याची घरघर.

आवाज आला. भरदार, मोकळा. समोर मावशीचे ओठ मिटलेले आणि तिचा आवाज मात्र खोलीभर! देवळात घ्यावा तसा इंदुबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

"माझ्या इंदूच्या गं दारी, सून आली…"

तिथंच तुटलं. खरखर झाली, मग तीही नाही.

"पुढचं गेलं," तनया हळूच म्हणाली. "त्यावर आरास बसली."

मावशीचे ओठ हलत राहिले. तिनं इंदुबाईंच्या मांडीवर चापट मारली, म्हण तू. इंदुबाई उभ्या आयुष्यात कुणापुढं गायल्या नव्हत्या. सुनेचं कौतुक तर लांबच.

"सोन्याच्या पावलांनी," त्या घोगऱ्या, बेसूर आवाजात म्हणाल्या.

मावशीनं तोंड वाकडं केलं आणि हातानं खूण केली, खालच्या सुरात, पुन्हा.

इंदुबाईंनी सुनेकडं पाहिलं आणि पुन्हा म्हटलं.