वर्गणीचा रेडिओ

नीळकंठ गुरुजींना जाऊन पाच दिवस झाले होते आणि त्यांच्या घरात भांडण चाललं होतं ते रेडिओवरून.

रेडिओ खरं तर त्यांचा नव्हताच. वडनेरच्या सडकेवर हरनामसिंगाचा ढाबा होता, शेजारी ट्रकदुरुस्तीचं छप्पर. तिथल्या शीख कुटुंबांनी वर्गणी काढून रेडिओ घेतला. थोडी भर गावानेही घातली. नानकजयंतीला रेडिओवर कीर्तन लागतं, ते कानावर पडावं एवढीच त्यांची हौस. पण ढाब्यावर वीज नव्हती. म्हणून रेडिओ गुरुजींच्या ओसरीवर आला, त्याची तार त्यांच्या कौलांवर चढली आणि रेडिओ बाळगायचं सरकारी लायसनही त्यांच्याच नावाचं निघालं. आजारपणात गुरुजी हरनामसिंगाला म्हणाले होते, "यंदाही सगळे इथंच या." आणि जयंती नेमकी आज, सुतकात.

चारुलताला तो शब्द पाळायचा होता. क्रियाकर्म चुलतभाऊ करत होता. मुलीच्या वाट्याला वडिलांचं एवढंच काम उरलं होतं.

"सुतकाच्या घरी रेडू?" सुभद्राआत्या कडाडली. "लोकं तोंडात शेण घालतीन, चारू."

"बाबांनी शब्द दिलाय, आत्या."

"देणारा गेला न बाई!"

शेजारचे उत्तमराव वर्गणी दिल्यापासून कापसाचे भाव ऐकायला रोज हक्काने येत. ते मध्ये पडले. "आवो सुभद्राबाई, रेडू वर्गणीचा हाये. म्हंजे घरचा नाही. घरचा नाही तं त्याले सुतक कायचं? अंगणात ठेवा न वाजवा."

आत्या विचारात पडली. सुटलो एकदाचे, असं चारुलताला वाटलं.

"पण पाच दिवस घरातच होता न तो?" आत्या म्हणाली. "इटाळ झालाच त्याले. थांबा, गोमूत्र शिंपडतो अन् मंग वाजवा."

चारुलताने कपाळाला हात लावला. पाच दिवस हेच चाललं होतं: काय शिवायचं, काय नाही, कोणी कुठं बसायचं. वडील गेले याबद्दल कोणी बोलतच नव्हतं. पण वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि हरनामसिंग आपली माणसं घेऊन, जोडे काढून, केव्हाचा अंगणात उभा होता. तिने रेडिओ उचलून स्टुलावर आणून ठेवला, तारा जोडल्या, बटण फिरवलं. खरखर झाली, आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले, निवेदकाने कीर्तनाचं नाव घेतलं, आणि तेवढ्यात आत्या तांब्या घेऊन आली. समोरून चार थेंब उडवून तिचं समाधान होईना. ती मागच्या बाजूला गेली आणि भोकांतून तिने चांगली धार सोडली.

चट् असा आवाज झाला. थोडा धूर निघाला. निवेदक थांबला तो थांबलाच.

"काय केलं बाई हे!" उत्तमराव ओरडले. "काच फोडली आतली!"

"मले काय माहीत त्याच्या पोटात काच हाये?"

"मले इचारलं असतं तं..."

"तुमीच तं म्हनलं, अंगणात ठेवा!"

दोघं हातवारे करत एकमेकांवर धावले. हरनामसिंग रेडिओपाशी उकिडवा बसला, कान लावून पाहिला आणि उठला. चारुलताची मान वर होईना.

"सुभद्राबाई," तो म्हणाला, "कीर्तन तोंडानं म्हनलं तं चालते का? तोंडाले तं इटाळ नाही?"

आत्याने तांब्यात डोकावून पाहिलं.

"चालतं," चारुलता म्हणाली.

"आमच्यात मौतीच्या घरी हेच करतात, बेटी. पण सूर कच्चा हाये माहा."

सूर खरंच कच्चा होता. दुसऱ्या ओळीवर तो अडला, मागे उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरने त्याला दुरुस्त केलं, दोघांत पंजाबीत जुंपली आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. उत्तमराव मोठ्याने मलकापूरच्या मेकॅनिकचा पत्ता सांगू लागले.

"उत्तमकाका, पाया पडते. गप बसा."

ते गप झाले. गाणं या खेपेला पुढे सरकलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच चारुलताला हुंदका फुटला, आणि तोही आत्याच्या नजरेतून सुटला नाही.

"आता काऊन रडून राह्यली?" आत्याने विचारलं.