डिरेक्टरचा कुयोक

साज-बुलाक गावात पैदाशीचा बोकड एकच होता, आणि तो ओस्मोनालीच्या गोठ्यात होता. बाकीचे बोकड लहानपणीच खच्ची व्हायचे आणि कुणाच्या तरी लग्नात पातेल्यात जायचे. ह्याचं नाव डिरेक्टर. जुन्या सामुदायिक शेताच्या डिरेक्टरसाहेबांसारखी त्याची दाढी होती, चालही तशीच होती. वासाबद्दल मात्र गावात मतभेद होते. म्हातारे म्हणायचे, साहेबांना असा वास नव्हता. म्हाताऱ्या काहीच बोलायच्या नाहीत.

बोकड सांभाळायचं काम गावसभेने ओस्मोनालीकडे दिलं, कारण त्या वासासकट तो घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पण ओस्मोनालीने ते काम पद मिळाल्यासारखं मनाला लावून घेतलं. कुणाची शेळी कधी फळवायची, कुणाची अजून लहान आहे, हे तो रस्त्यात बायकांना थांबवून सांगायचा. बायका डोक्यावरच्या गोवऱ्या सावरत ऐकून घ्यायच्या आणि पुढे जाऊन हसायच्या.

ह्या पदातलं सगळ्यांत जोखमीचं काम म्हणजे कुयोक. शेळी पाच महिने गाभण राहते. सप्टेंबरात बोकडाला मोकळीक मिळाली, तर करडं फेब्रुवारीत, थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठेल अशा थंडीत जन्माला येणार. म्हणून उन्हाळा सरता सरता बोकडाच्या पोटाखाली बुरणुसाचा जाड पडदा बांधायचा, तोच कुयोक. मग बोकड शेळ्यांत हिंडू दे, दाढी हलवू दे, सुस्कारे टाकू दे. पडद्यापुढे त्याचं काही चालत नाही. नोव्हेंबर संपताना पडदा सोडायचा, की करडं थेट कोवळ्या गवतावर उतरतात.

त्या वर्षी जुना कुयोक उंदरांनी फस्त केला होता. ओस्मोनाली बायकोकडे बुरणुसाचा तुकडा मागायला गेला.

“हात लावून तर बघा!” बातमा कात्री उगारून म्हणाली. “पोरीच्या लग्नाचा गालिचा आहे हा. बेगाइमच्या सासरी काय सांगू? कोपरा आमच्या बोकडाने नेसलाय म्हणून?”

“अगं, एवढासाच तुकडा.”

“तुमची विजार कापा.”

विजार एकच होती. मग त्याने खुंटीवरचा आपला जुना फौजी कोट उतरवला. फौजेतून सुटून आल्यापासून तो हाच कोट घालून शेळ्यांमागे हिंडत आला होता. बाह्या गेल्या होत्या, पण खालचा घेर, खिशांसकट, दगडासारखा टणक होता. त्याने घेर कापला, दुहेरी शिवला, पट्टा लावला आणि शोभेसाठी पुढे एक पितळी बटण राहू दिलं. डिरेक्टरला तो इतका शोभला, की शेजारची तुर्दुबुबू कुंपणावरून म्हणाली, “काय रे ओस्मोनाली, सलाम ठोकायचा का ह्याला?”

“कापड बघ आधी, वहिनी. फौजेचं कापड आहे. रणगाडा गेला तरी फाटायचं नाही.”

सगळा शरद ऋतू छान गेला. ओस्मोनालीच्या एक गोष्ट लक्षात आली. गावच्या शेळ्या डिरेक्टरला अजिबात एकटं सोडत नव्हत्या. चरून आल्या की त्याच्याभोवती गराडा घालायच्या, माना खाली घालून अगदी जवळ उभ्या राहायच्या. ओस्मोनाली दगडावर बसून अभिमानाने बघायचा. घरी येऊन बातमाला म्हणायचा, “मान देतात गं त्याला. जनावरालाही माणूस कळतो.”

“शेळी मान देते?” बातमा म्हणायची. “माझी शेळी मला शिंगं देते.”

नोव्हेंबर संपला तसा कुयोक सोडायचा दिवस ठरला. ओस्मोनालीने सगळं गाव अंगणात बोलावलं. बातमाने परातभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले. म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवून दुआ मागितली. ओस्मोनालीने शिस्त आणि संयम ह्यांवर भाषण केलं, ते लोकांनी बोर्सोक खात ऐकलं. मग त्याने पट्ट्याची गाठ सोडली आणि डिरेक्टरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “जा!”

डिरेक्टरने शेळ्यांकडे पाहिलं. शेळ्यांनी डिरेक्टरकडे पाहिलं. शेळ्या पुन्हा गवत खायला लागल्या, आणि डिरेक्टर भिंतीच्या उन्हात बसून निवांत रवंथ करू लागला.

“लाजतोय,” ओस्मोनाली म्हणाला. “एवढी माणसं बघून.”

“हा लाजत नाहीये,” तुर्दुबुबू म्हणाली. “आमच्या घरचेही जेवण झालं की असेच बसतात. इकडे आण बघू ते तुझं फौजेचं कापड.”

तिने कुयोक उचलून सूर्यासमोर धरला. पुढची पट्टी आणि पितळी बटण शाबूत होतं. मागे, पोटाखालच्या भागात, नुसती चाळण उरली होती.

“ओस्मोनाली,” ती शांतपणे म्हणाली, “मला ह्यातून डोंगर दिसतोय.”

अंगणात कुणी घास गिळेना. बातमाने पुढे होऊन कापड चाचपलं, नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं. तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की तो आपोआप दोन पावलं मागे सरकला.

“अहो, ह्या कोटाच्या खिशात तुम्ही काय ठेवायचात?”

“काय म्हणजे? मीठ. शेळ्यांना बोलवायला.”

“किती वर्षं?”

ओस्मोनाली फौजेतून सुटल्यापासूनची वर्षं मोजू लागला. एवढ्या वर्षांचं मीठ घामात, पावसात विरघळून त्या कापडात मुरलं होतं. शेळ्यांनी मान दिला नव्हता. त्यांनी चाटून, चावून, रोज थोडा थोडा करत कुयोक खाल्ला होता, आणि मग जे व्हायचं ते बिनबोभाट झालं होतं.

लोक बोटांवर महिने मोजू लागले आणि सगळ्यांची बोटं फेब्रुवारीवर येऊन थांबली. तंट्याला वेळ लागला नाही. “करडं तुझ्या घरात वाढणार,” तुर्दुबुबूने निकाल दिला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. “पाहुण्यांसाठी नवी खोली बांधलीयस ना? चूलही मोठी घातलीयस. आम्ही शेळ्या सकाळ-संध्याकाळ पाजायला आणू. बाकी तू आणि तुझी शिस्त.”

फेब्रुवारीत पहिलं करडू तुर्दुबुबूकडे झालं. नवऱ्याच्या लोकरी टोपीत गुंडाळून तिने ते आणलं आणि ओस्मोनालीच्या मांडीवर ठेवलं. काळं, कपाळावर पांढरा ठिपका, ओलं, आणि तावातावाने ओरडणारं. त्यानंतर दार उघडंच राहू लागलं. कुणी कोटाच्या अस्तरात, कुणी बादलीत, कुणी शाळेच्या दप्तरात करडं आणली. आठवडाभरात नव्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. रचून ठेवलेल्या रजयांच्या थप्पीवर करडं चढली, तिथून खिडकीत, खिडकीतून बातमाच्या पाठीवर. ओस्मोनाली पहाटेपासून गोवऱ्या टाकत चूल धगधगती ठेवायचा, अशक्तांना बाटलीने चीक पाजायचा, ओलं गवत बाहेर काढायचा. बेगाइम बाह्या वर करून बापाच्या बरोबरीने राबायची. तिच्या आवाजाला करडं अशी दबकायची, की ओस्मोनालीच्या मनात येई, बोकड हिच्याच ताब्यात द्यायला हवा होता.

ह्या धांदलीत निरोप आला. व्याही येताहेत, बेगाइमच्या कानांत कर्णफुलं घालून लग्न पक्कं करायला.

“नंतर या म्हणून सांग,” ओस्मोनाली म्हणाला.

“कारण काय सांगू?” बातमाने विचारलं. “घरी बाळंतपणं आहेत?”

व्याही शेरगाजी शहरात राहायचा. उंच, ताठ, बुरणुसाची पांढरी शुभ्र टोपी, म्हणजे कल्पाक, घालणारा आणि शब्द मोजून वापरणारा माणूस. त्याची बायको साल्किन त्याच्या वाटणीचंही बोलायची. ते आले तेव्हा सगळी करडं मागच्या खोलीत कोंडलेली होती, दाराला पेटारा लावलेला होता आणि बेगाइम त्या पेटाऱ्यावर बसून लाजण्याचा प्रयत्न करत होती. कल्पाक मानाने उंच खुंटीवर टांगला गेला. पाव, लोणी, बोर्सोक, मांस मांडलं गेलं. शेरगाजीने दुआसाठी हात उचलले, आणि भिंतीपलीकडून एक बारीक आवाज आला.

ओस्मोनाली खोकला.

आणखी आवाज आला. ओस्मोनाली आणखी जोरात खोकला.

“छातीचं दुखणं आहे का घराण्यात?” साल्किनने काळजीने विचारलं.

“नाही नाही,” बातमा म्हणाली. “शेजारणीचं तान्हं आहे, झोपलंय.”

“एकच?”

तेवढ्यात पेटारा सरकला. बेगाइमने टाचा रोवल्या, पण पलीकडून आख्खं गाव ढकलत होतं. दार उघडलं आणि करडं जेवणावर आली. एक लोण्यात बसलं. एकाने साल्किनच्या शालीची झालर तोंडात घेतली. तुर्दुबुबूचं ठिपकेवालं थप्पीवर चढलं, तिथून खुंटीपर्यंत पोचलं आणि कल्पाकाचा गोंडा चघळू लागलं. एकाने शेरगाजीच्या नव्या कोटावर पाय फाकवून जे करायचं ते केलं आणि त्याच्याच मांडीवर अंग टाकलं.

“बसा खाली, मेल्यांनो!” बेगाइम गरजली. दोन करडं दोन बगलांत, एक गुडघ्यांत दाबून तिने पायाने चौथ्याला लोण्यातून उचललं. “तू! ठिपक्या! टोपी सोड, नाहीतर आज उकळत्या पातेल्यात घालते तुला!”

ठिपक्याने टोपी सोडली. नवरीने सासऱ्यासमोर एवढ्या जोरात बोललेलं त्या खोऱ्यात कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. ओस्मोनालीने डोळे मिटून घेतले.

शेरगाजीने मांडीवरच्या करडाकडे पाहिलं. मग वाडगा उचलून चहाचा घोट घेतला. पुन्हा घेतला. वाडग्यात नीट बघितलं.

“दूध,” तो म्हणाला. “ताजं?”

“शेळीचं आहे,” ओस्मोनाली पुटपुटला. “सगळ्या शेळ्या व्याल्यात ना, आमच्याकडे जरा... गडबड झाली.”

“शहरात आम्ही हिवाळाभर पुड्यातली भुकटी पितो,” शेरगाजी म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं. त्याने वाडगा पुढे केला. तो भरला, संपला, पुन्हा पुढे आला.

साल्किन मात्र बेगाइमकडे बघत होती. “माझा मुलगा,” ती हळूच बातमाला म्हणाली, “पंचविशी उलटली तरी सकाळी हाक मारून उठत नाही. ही उठवेल.” ती उठली, करडं ओलांडत गेली आणि कर्णफुलं घालू लागली. बेगाइमचे दोन्ही हात करडांनी भरलेले होते, त्यामुळे एक कर्णफूल जेमतेम करडाच्या तोंडातून वाचलं.

निघताना शेरगाजीच्या कोटाचं पोट जरा फुगलेलं दिसत होतं आणि त्यातून एक पांढरा ठिपका डोकावत होता. ओस्मोनालीने ते पाहिलं, पण व्याह्याच्या कोटात हात कसा घालायचा? दुसऱ्या दिवशी तुर्दुबुबूने अंगणात येऊन आकाशपाताळ एक केलं. शेवटी ओस्मोनालीने तिला आपल्या स्वतःच्या शेळीचं मादी करडू दिलं. ते घेऊन जाताना तुर्दुबुबू म्हणाली, “पुढच्या वर्षी कुयोक थोडा सैलच बांध. चहा बरा लागतोय.”

मे महिन्यात जो तो आपापली करडं न्यायला आला, तेव्हा खरी पंचाईत झाली. कुणी कुणावर खूण केलेली नव्हती आणि करडांना मालक ठाऊक नव्हते, आया जेमतेम ठाऊक होत्या. वाटण्या झाल्या, नेली, आणि संध्याकाळी सगळी परत ओस्मोनालीच्या दारात. तो दुकानात गेला की मागे, मशिदीत गेला की बाहेर, शेकोटीला म्हाताऱ्यांत बसला की सगळ्यांच्या मांडीवर.

बेगाइमचं लग्न त्याच महिन्यात झालं. बायका रीतीप्रमाणे रडल्या, गालिचा गाडीच्या टपावर बांधला गेला, गाडी निघाली. आणि करडं धावली. चीक पाजणारा आवाज गाडीत बसून चालला होता, हे त्यांना कळलं होतं. गाडीमागे करडं, करडांमागे नवी विजार सावरत ओस्मोनाली, असे सगळे नदीच्या पुलापर्यंत गेले.

पुलावर गाडी थांबली. पांढऱ्या झग्यात बेगाइम उतरली, कमरेवर हात ठेवले.

“परत! एकजात परत! लाज नाही वाटत?”

करडं थबकली.

“आणि तुम्ही, आबा,” ती धापा टाकणाऱ्या बापाला म्हणाली, “ह्या वयात कसले धावताय? तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या जेवणाआधीच्या आहेत, नंतरच्या नाहीत. आईला विचारा, तिला सांगून ठेवलंय.”

“हो,” ओस्मोनाली म्हणाला.

“आणि लहान तपकिरी अजून नीट चरत नाही. तिच्याकडे बघा.”

“बघतो ना.”

तिने त्याची टोपी सरळ केली आणि झगा उचलून गाडीत बसली. धूळ खाली बसेपर्यंत ओस्मोनाली पुलावर उभा राहिला. मग त्याने तपकिरीला बगलेत घेतलं आणि बाकीच्यांना पुढे घालून तो गावाकडे चालू लागला. वाटेत तुर्दुबुबू भेटली. तिने त्याचा चेहरा बघितला. खाली वाकून तिने मागे राहिलेलं एक करडू उचललं आणि त्याच्या बरोबरीने चालू लागली.