खो-खोच्या खांबाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. विजेचा नव्हे आणि मांडवाचाही नव्हे. मी खो-खोचा खांब. उंचीला तुमच्या छातीला लागेन एवढाच, पण मला बुटका म्हणू नका. भल्या भल्या पळणाऱ्यांना मी माझ्याभोवती गिरक्या घ्यायला लावल्या आहेत.

खेडमधल्या एका कॉलेजच्या लाल मातीच्या मैदानावर मी उभा असतो. दुसऱ्या टोकाला माझा जुळा भाऊ असतो. आम्ही दोघे एकाच किंजळाच्या झाडाचे. आत्माराम सुतारांनी आम्हाला रंधा मारून गुळगुळीत केलं, लाकूड टिकवणारं बेलतेल पाजलं आणि वरून हात फिरवून म्हणाले, "पोरांच्या हाताला कुसळ लागलं, तर माझं नाव सांगू नका." अजून कुणाला लागलेलं नाही. हे मी जरा तोऱ्यातच सांगतो.

पावसाळ्यात आम्ही दोघे खेळाच्या सामानाच्या खोलीत शेजारी शेजारी आडवे पडतो. तेव्हाच काय त्या आमच्या मनसोक्त गप्पा होतात. दसऱ्याला आम्हाला बाहेर काढून मैदानात रोवतात, बुंध्याशी चिऱ्याच्या कपच्या ठोकतात, माती चोपतात आणि माझ्यापुढे नारळ ठेवतात. मग आमच्या कॉलेजात एक गोष्ट होते, ती दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. संघाचे प्रशिक्षक माझ्यापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालतात. अगदी गावच्या देवळात घालतात तसंच. एकाने देवाकडे मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. शेवटचं वाक्य मात्र दरवर्षी तेच असतं, की हा खांब निघेपर्यंत आमच्यातलं कुणी मैदान सोडणार नाही. आणि ज्याने गाऱ्हाणं घातलं, त्यानेच हंगाम संपल्यावर पुन्हा गाऱ्हाणं घालून खांब काढायला पहिला हात लावायचा, असा आमचा शिरस्ता आहे.

मागच्या हंगामात हे गाऱ्हाणं नव्याने आलेल्या अजिंक्य सरांनी घातलं. काय आवाज होता त्यांचा! मैदानाच्या कडेच्या काजूवरचे कावळे उडाले.

सर येण्यापूर्वी आमचा मुलींचा संघ म्हणजे सगळा आनंदीआनंद होता. पहिल्या फेरीत हरायचं, वडापाव खायचा आणि एसटीने घरी यायचं, हा ठरलेला कार्यक्रम. सरांनी तो मोडून काढला. ते मुलींना सांगायचे की खांब नुसता धरायचा नसतो, त्याच्या गळ्यात पडायचं असतं. धावत यायचं, एका हाताने मला कवटाळायचं आणि सगळं अंग हवेत झोकून पलीकडच्या खेळाडूला शिवायचं. पहिल्या आठवड्यात मुली माझ्यावर नुसत्या आपटत होत्या. मग हळूहळू जमू लागलं. सगळ्यांत छान जमलं ते कप्तान आरोहीला. आतल्या एका वाडीतून ती रोज एसटीने यायची. तिचे बाबा मुंबईला कामाला आणि घरी आई आणि भातशेती. तिचा हात माझ्या अंगावर पडला, की मला तो न पाहताही ओळखू यायचा.

आणि मित्रांनो, आमचा संघ जिंकू लागला! एक सामना, मग दुसरा, मग तिसरा. मैदानाच्या कडेला माणसं जमू लागली. रिक्षावाले रिक्षा लावून बघत बसायचे. बघता बघता आम्ही विभागाच्या अंतिम सामन्यात पोहोचलो आणि तो सामना आमच्याच मैदानावर ठरला. आमच्या कॉलेजात खो-खोची ढाल कधीच आली नव्हती. मी तर आनंदाने नुसता फुलून गेलो होतो. लाकूड फुगतं ते फक्त पावसाने, असं कोण म्हणतं?

अशात एका सकाळी मुलींच्या मोबाइलवर सरांचा निरोप आला. पुण्याच्या एका मोठ्या क्रीडा प्रबोधिनीने त्यांना ताबडतोब बोलावलं होतं. ते पहाटेच निघून गेले होते. 'खेळत राहा' एवढंच शेवटी लिहिलं होतं.

मी सरांना नावं ठेवणार नाही. तासिकेवर काम करणाऱ्या माणसाला कायमची नोकरी मिळाली, तर त्याने जायचं नाही का? पण अंतिम सामना चार दिवसांवर आलेला असताना? आणि मुलींच्या तोंडाकडे न बघता? मला फार वाईट वाटलं.

मुलींचं दुःख लवकरच रागावर गेलं. मनस्विनी ही आंबा बागायतदाराची मुलगी, संघातली सगळ्यांत तापट. ती म्हणाली की सरच गेले, म्हणजे गाऱ्हाणं मोडलं, आता हा खांब उपटून टाकू या. बाकीच्यांनाही ते पटलं. झालं! इतके दिवस माझ्या गळ्यात पडणारे हात मला गदागदा हलवू लागले. चिऱ्याच्या कपच्या सुटल्या, माती उकरली गेली आणि मी एका बाजूला कलंडलो. हंगाम संपायच्या आत खांब उपटला गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मित्रांनो, मला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

तेवढ्यात आरोहीची एसटी आली. निरोप तिने गाडीतच वाचला होता आणि तिचे डोळे सुजलेले होते. ती धावत आली आणि मुलींच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली.

"गाऱ्हाणं सरांनी घातलंनी," ती म्हणाली, "पण 'होय महाराजा' कुणी म्हटलं गो? आपणच ना? मग ते सरांचं एकट्यांचं कसं?"

मग मनस्विनीनेच खाली बसून पहिली कपची उचलली आणि माझ्या बुंध्याशी ठोकायला सुरुवात केली. सगळ्यांनी मिळून मला पुन्हा सरळ केलं. पण खरं सांगू? दसऱ्याला रोवतात तसा घट्ट मी काही बसलो नाही. आत कुठेतरी मी किंचित हलत होतो आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

दुपारी प्राचार्यांनी मराठीच्या उल्का मॅडमना संघाकडे पाठवलं. मॅडमनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली, तेव्हा तिच्यातून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. मुली इतक्या दुःखातही हसल्या. मॅडम पण हसल्या. मग त्या म्हणाल्या, "मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण मी मधेच जाणार नाही, एवढं नक्की."

त्यानंतर सराव सुरू झाला तो असा, की मुलीच एकमेकींच्या सर झाल्या. कुणी आक्रमणातली बैठक तपासायची, कुणी बचावातली पळती. मॅडम लिंबू सरबत करायच्या आणि कोण दमलंय ते मात्र बरोबर ओळखायच्या.

अखेर अंतिम सामन्याचा दिवस उजाडला. मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. समोर दापोलीकडचा संघ होता आणि त्यांच्या मुली वाऱ्यासारख्या पळत होत्या. पहिल्या डावात आम्ही मागे पडलो. दुसऱ्या डावात मनस्विनीने अशा हुलकावण्या दिल्या, की त्यांच्या दोन मुली एकमेकींवरच आदळल्या. शेवटची पाळी आली, ती आमच्या आक्रमणाची. एक एक गडी बाद होत गेला आणि दोन्ही संघांचे गुण सारखे झाले. वेळ संपत आली होती. मैदानात त्यांची सगळ्यांत चपळ मुलगी उरली होती आणि ती पळत येत होती थेट माझ्याकडे.

"खो!" मनस्विनी ओरडली आणि आरोही उठली.

ती मुलगी माझ्या पलीकडून वळणार, हे मला दिसत होतं. आरोहीलाही दिसलं. तिने धाव घेतली आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली. किंजळाला छाती नसते हे मला माहीत आहे, पण त्या वेळी होती! मी मनात म्हणत होतो, कपच्यांनो, धरून ठेवा. आरोहीचा हात माझ्या गळ्यात पडला. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. मी हललो, किंचित वाकलो, बुंध्याशी माती कुरकुरली, पण मी सुटलो नाही. मुलींनीच मला रोवलं होतं ना! आरोही हवेत आडवी झाली आणि तिच्या बोटांची टोकं त्या मुलीच्या पाठीला लागली.

पंचांची शिट्टी वाजली. पुढचं मला नीट आठवत नाही. सगळ्या मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या होत्या. उल्का मॅडम चप्पल हातात घेऊन मैदानात धावल्या. ढाल आली, फोटो निघाले, पेढे वाटले आणि एक पेढा कुणीतरी माझ्या डोक्यावरही ठेवला.

सगळे गेल्यावर आरोहीने माझ्याशेजारी बसून सरांना फोन लावला. ती रागावेल असं मला वाटलं होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "सर, आमचे बाबा पण मुंबईस असतात. पण शिमग्यास पालखीला खांदा द्यायला येतात. आमचा खांब काढायचा राहिलाय. तुम्ही या."

रविवारी सर आले. मैदानाच्या कडेलाच ते घोटाळत राहिले. मग रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घालून मला पहिला हात लावायला ते पुढे झाले. आरोहीने त्यांना थांबवलं.

"सर, ह्या वेळी गाऱ्हाणं मी घालत्ये. तुम्ही रांगेत उभे रहा."

सर मुकाट्याने मागे गेले आणि मनस्विनी आणि उल्का मॅडम यांच्या मध्ये उभे राहिले. आरोहीने हात जोडले. हंगाम पार पाडलास, होय महाराजा. कुणाचा हात-पाय मोडू दिला नाहीस, होय महाराजा. मग तिने शेवटचं मागणं मागितलं. "आमच्यातल्या कुणाचं काही चुकलं असेल, तर ते पदरात घे आणि जाताना सांगून जायची बुद्धी दे, महाराजा."

मुली गप्प राहिल्या. मग त्या शांततेत एकच आवाज आला, एरवी कावळे उडवणारा, पण आज अगदी घोगरा.

"होय महाराजा," सर म्हणाले.

मग सगळ्याच म्हणाल्या. सगळ्यांचे हात एकदमच माझ्यावर पडले. पहिला कुणाचा होता, ते मला खरोखर सांगता येणार नाही.

मित्रांनो, आता पावसाळा आहे आणि मी भावाच्या शेजारी आडवा पडून हे सांगतो आहे. माणसं पोटासाठी गाव सोडतात, त्यात पाप नाही. पण तुमच्या भरवशावर कुणी मैदानात बसलेलं असेल, तर त्यांना पाठ दाखवून जाऊ नका. डाव संपवून जा, नाहीतर निदान त्यांच्यासमोर उभं राहून, सांगून जा. आणि हो, दसऱ्याआधी कुणीतरी मला बेलतेल लावा. आरोहीने पुढच्या हंगामाचं गाऱ्हाणं आत्तापासूनच पाठ करायला घेतलं आहे.