भिंग आणि काठी

"अहो, मघाशी केसाएवढा स्क्रू बसवलात आणि आता ही काठी? उल्लू बनवता का लोकांना?"

गिऱ्हाईक दुकानाच्या दारातच अडून उभं. मी डबा घेऊन आले होते. बाहेरच्या नळावर हात धुवायला ह्यांनी घडीची पांढरी काठी उघडली, एवढाच घड्याळजीचा गुन्हा.

"समोरचं तेवढं दिसतं," हे शांतपणे म्हणाले. "नळीतून बघावं तसं. बाजूचं, पायाखालचं नाही दिसत."

"म्हणजे नक्की आंधळे आहात की नाही?"

मला अस्सा संताप आला! लोकांच्या लेखी डोळे दोनच प्रकारचे, चालू नाहीतर बंद. कुणाला अंधारात दिसत नाही, कुणाच्या नजरेत मधोमधच डाग असतो. पण समजून घ्यायला फुरसत कुणाला? अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो तेव्हा ह्यांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली, तर कारकून हसला, "मग आलात कशाला?" त्याच कार्यालयाची पायरी चुकून हे पडले होते.

संध्याकाळी दुकानाच्या मालकांनी ह्यांना बजावलं, "उद्यापासून काठी नको. गिऱ्हाईक बिचकतं."

"रस्ता पाठ आहे गं," म्हणत हे काठीशिवाय जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी कपाळाला खोक पाडून आले. दुकानाबाहेर कुणीतरी हातगाडी लावली होती.

चौथ्या दिवशी मी काठी घेऊन ह्यांच्यासोबत दुकानात गेले आणि ती मालकांपुढे आपटली.

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. बावीस वर्षं सांभाळलंय मी ह्यांना."

"सांभाळलंय? बावीस वर्षं हे दुकान कुणाच्या डोळ्यांवर चाललं हो?"

हे उठले. डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी काठीशेजारी ठेवलं. "मालक, ह्याची तुम्हाला कधी लाज वाटली नाही. काठीही तशीच, कामाची वस्तू. ठेवायची तर दोन्ही."

मालकांनी काठी तेवढी ह्यांच्याकडे परत ढकलली.

"बरं. निघतो मग."

मालकांनी टेबलावरचं उघडं घड्याळ रागानं ओढलं आणि एक स्क्रू टणकन खाली गेला. आम्ही दारातून बाहेर पडलो तेव्हा ते गुडघे टेकून फरशी चाचपत होते. दोन्ही डोळे धडधाकट होते त्यांचे.

हातगाडी अजून तिथंच होती. मी हात पुढे केला, पण ह्यांची काठी आधीच चाकाला लागली होती. गाडीला वळसा घालून हे पुढे चालू लागले.