बायनाबाईच्या भिंतीवरचं मीटर

आमच्या ओसरीतल्या भिंतीवर लाकडी पाटीला एक काळं मीटर ठोकलेलं होतं. तीन वर्षं ते तिथे होतं आणि तीन वर्षांत आमच्या घरात एकदाही विजेचा दिवा लागला नाही, कारण खांबापासून मीटरपर्यंत वायरच आली नव्हती. चौऱ्याऐंशी साली गावात लाइन आली तेव्हा खांब आमच्या बौद्ध मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन संपले. मायनं अर्ज केला होता, अनामत भरली होती, म्हणून माणसं येऊन मीटर ठोकून गेली. वायर मागून येते, म्हणाली. ती अजून मागूनच येते आहे.

बिलं मात्र बिनचूक आली.

मी तेव्हा वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शीकडच्या एका शाळेवर मास्तर होतो. पंधरा दिवसांनी घरी यायचो. पहिलं बिल आलं ते मायनं इंदुताईकडून वाचून घेतलं. इंदुताई वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथ वाचायची, त्यामुळे मोहल्ल्याचे सगळे कागदही तिच्याकडेच जायचे. बिलावर नाव होतं, श्रीमती बायनाबाई सोमाजी रामटेके. मायनं ते तिला तीनदा वाचायला लावलं आणि अक्षरं कुठून कुठपर्यंत आहेत ते बोटानं पाहून ठेवलं. शेताचा सातबारा वारलेल्या बापाच्या नावावर, रेशनकार्ड माझ्या नावावर. तिच्या एकटीच्या नावानं घरात आलेला हा पहिला कागद होता.

मग तिनं काय करावं? एसटीनं तालुक्याला गेली आणि न लागलेल्या दिव्याचे पैसे भरून आली. एकदा नाही, तीनदा. पावत्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागच्या डब्यात नीट ठेवल्या. मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. तिचं म्हणणं सरळ होतं. आपल्या नावानं कोणी कागद लिहून मागितलं, तर नाही कसं म्हणायचं? छप्पन साली ती पायी चांद्याला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला गेली होती, आणि तिथून आल्यापासून कोणाच्या दारात उधारीसाठी उभी राहिली नव्हती. घरात काही नसलं तर चूल पेटायची नाही, पण दुकानदाराच्या वहीत नाव लागायचं नाही.

मी तिला पैसे भरणं बंद करायला लावलं. शिकलेला ना मी! थकबाकी तिथून सुरू झाली.

तालुक्याच्या विजेच्या कचेरीत बोरकुटे नावाचे बाबू होते. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडण करून मोकळा तरी झालो असतो. त्यांनी फाइल काढली, पान उलटलं आणि मला समजावून सांगितलं. रीडिंग घेणाऱ्याला मीटरचा आकडा हललेला दिसला नाही. आकडा हलत नाही म्हणजे मीटर नादुरुस्त. मीटर नादुरुस्त असलं की सरासरीनं बिल काढायचं, असा नियम आहे. मी म्हटलं, आकडा हलत नाही कारण वायर नाही. ते म्हणाले, कागदावर वायर ओढली आहे. शिवाय पुरवठा नसता तर बाईंनी पहिली तीन बिलं भरली कशाला असती? पावत्या आहेत ना तुमच्याजवळ?

पावत्या होत्या. माय माझ्याबरोबर आली होती, बाकावर बसली होती, आणि पावत्यांचं नाव निघताच तिनं मोठ्या अभिमानानं डबा उघडला. आपल्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून तिनं जपलेले कागद बोरकुटेंनी शांतपणे आमच्या विरुद्ध फाइलीला लावले. तेव्हाच तिला तिथून उठवून आणायला हवं होतं.

पुढची दोन वर्षं मी अर्ज लिहिले. साहेबांनी पाहणी करावी म्हणून अर्ज. साहेब बदलून गेले म्हणून नव्या साहेबांना अर्ज. लाइनमन मुखरू एकदा सायकलवर आला, उघडा खांब पाहिला, मीटर पाहिलं, हसला आणि चिठ्ठीवर ‘वायर नाही’ असं लिहून घेऊन गेला. ती चिठ्ठी कचेरीत पोचली की चहाच्या टपरीवर राहिली, कोण जाणे. शेवटी मीटरच तपासा, असा मी हट्ट धरला. चाक एकदाही फिरलं नाही हे एकदाचं सिद्ध होईल, असा माझा हिशेब होता. मीटर काढून नेलं, चार महिन्यांनी तसंच परत ठोकलं, आणि कचेरीत अहवाल मिळाला. मीटर खरोखरच आतून जाम होतं. म्हणजे वीज वापरली नाही, असं या मीटरवरून म्हणता येत नाही. मी तो अहवाल एसटी स्टँडवर उभ्याउभ्या वाचला आणि मला इतकं थकल्यासारखं झालं, की आलेली गाडी मी सोडून दिली.

सुरुवातीला माय प्रत्येक खेपेला यायची. धानाच्या रोवण्याचे दिवस असले तरी चिखलातून पाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून यायची. बाकावर बसायची आणि कोणी आत-बाहेर केलं की उठून उभी राहायची. ते मला बघवेना. गुडघ्यांचं निमित्त करून मी तिला घरी ठेवू लागलो. खरं सांगायचं तर माझी लाज मी तिच्या गुडघ्यांवर ढकलली.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी लागली. सात नावं होती. माय बाजाराहून येताना थांबली. वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं तिनं बोटानं ओळखून ठेवली होतीच. त्या दिवसापासून ती पंचायतीच्या रस्त्यानं जाईना. पाण्याला जायची तर विहाराच्या मागून, बांधीच्या धुऱ्यावरून, शेतांच्या कडेकडेनं फेरा घालून. मी घरी आलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं.

“मायं नाव तिथून कधी निंघन, नाना?”

मी पुन्हा कचेरीत गेलो. ही अकरावी खेप. बोरकुटेंनी मला पाहिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चहा सांगितला. त्यांनाही कंटाळा आला होता बहुतेक. आवाज खाली करून म्हणाले, “एक रस्ता हाये, गुरुजी. लिहून द्या, ग्राहक मयत. वारसाले कनेक्शन नाई पाह्यजे. अनामत जमा करतो, बाकी माफ, फाइल बंद.”

मी म्हटलं, “माय जिवंत हाये माझी. तुमच्या याच बाकावर बसून गेली.”

“मले मालूम हाये. फाइलले कुठी मालूम हाये?”

मृत्यूचा दाखला लागेल का, असं मी विचारलं. मी हे विचारलं, यातच सगळं आलं. ते म्हणाले, मास्तरांची सही पुरे. चौदा वर्षांच्या नोकरीत मी गैरहजर पोराला हजेरीपटावर हजर दाखवलं नव्हतं. त्या दुपारी घोटभर चहा पिऊन मी हजर माणसाला कायमचं गैरहजर करून टाकलं, आणि मला लाज वाटण्याआधी बरं वाटलं. आता पुन्हा इथे यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

महिन्याभरात पंचायतीवर नवी यादी लागली. सहा नावं. माय दोनदा जाऊन पाहून आली. पाठोपाठ तिच्याच पत्त्यावर कचेरीचं पत्र आलं. मी ते घरी मोठ्यानं वाचलं, म्हणजे ‘थकबाकी माफ, यादीतून नाव कमी’ एवढंच वाचलं. तिनं पत्राची घडी केली आणि सांगितलं, की पौर्णिमेला विहारात आपल्याकडून खीर. नाव चारचौघांत लागलं होतं, तर निघालेलंही चारचौघांत वाचलं पाहिजे. मी तिला अडवू शकलो असतो. खरं काय ते सांगावं लागलं असतं, म्हणून अडवलं नाही.

पौर्णिमेला सकाळी वंदना झाली. खिरीनं भरलेलं गंज बायकांनी मधे आणून ठेवलं. मायनं कमरेची पिशवी सोडून पत्र इंदुताईच्या हातात दिलं. इंदुताई ग्रंथ वाचायची त्याच आवाजात वाचू लागली. “सदर ग्राहक श्रीमती बायनाबाई सोमाजी रामटेके...” आणि थांबली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“वाच न, इंदू. थांबली काऊन?” माय म्हणाली.

“...या मयत झाल्याचे त्यांच्या मुलाने लेखी कळविल्यावरून,” इंदुताईनं हळू आवाजात पुरं केलं.

मागं बसलेला म्हातारा लहानू फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. मायनं पत्र परत घेतलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं. मग उठून स्वतःच्या हातानं सगळ्यांना खीर वाढली, मलाही वाढली.

घरी जाताना ती पंचायतीच्या रस्त्यानंच निघाली. मी तिच्या मागून चाललो होतो, माफी कुठून मागायला सुरुवात करावी ते शोधत. यादीपाशी आल्यावर तीच म्हणाली, “तू थकला, नाना. मी कुठी थकली होती? मले सांगतला असता तं मी आखीन आली असती तुयासंगं.”

सोमवारी पहिल्या गाडीच्या वेळेला पाहिलं तर ती धुतलेलं लुगडं नेसून फाट्यावर उभी होती, काखेत तोच डबा. मी शाळेत निरोप पाठवला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

कचेरीत ती या खेपेला बाकावर बसली नाही. सरळ बोरकुटेंच्या टेबलापाशी गेली आणि पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. बोरकुटेंनी आधी पत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

“मी बायनाबाई,” माय म्हणाली. “जित्ती हावो. बाकी लागते तं लागू द्या, बाबू. पन त्या यादीत मायं नाव वापस लिहा.”

बोरकुटे उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. ती बसली नाही. त्यांनी नवा कागद काढेपर्यंत ती तशीच उभी राहिली.