दुपारी बाराची सावली

इक्वेडोरमधल्या कितो शहराच्या जुन्या चौकाला लागून कचेऱ्यांचा तीस मजली मनोरा उभा राहणार होता. त्याची वास्तुरचनाकार लुस्मिला चित्रं घेऊन वस्तीच्या सभेत आली. चित्रात तिने सावली दाखवली होती ती फक्त भर दुपारची, सूर्य डोक्यावर असतानाची. सकाळी हीच सावली अख्खा चौक गिळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चौकाचं ऊन जाईल या भीतीने लोक खवळले होते. तेवढ्यात पिएदाद मावशी उठली. आई गेल्यावर लुस्मिलाला तिनेच वाढवलं होतं.

"अरे, ही आपली पोर! ही चौकाचं वाईट करेल का?"

सभा निवळली. लुस्मिला गप्प राहिली, आणि मनोऱ्याला मंजुरी मिळाली.

मनोरा झाल्यावर एका सकाळी ती चौकात गेली. मावशी आपल्या बाकावर, गार सावलीत, शाली गुंडाळून कुडकुडत होती.

"या वर्षी थंडीच जास्त आहे गं," मावशी घाईने म्हणाली आणि आपली एक शाल तिच्या खांद्यावर टाकली.

"मावशी, ऊन जाणार हे मला आधीच माहीत होतं."

मावशीने मनोऱ्याकडे पाहिलं.

"मग त्या दिवशी मला तरी खाली बसवायचंस," ती म्हणाली.

लुस्मिलाला ती शाल परतही देववेना, अंगावरही ठेववेना.